जुन्या संगणकाची मुदत कोणी ठरवायची?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट बंद केली. त्या दिवशी जगातल्या कोट्यवधी डेस्कटॉपांमध्ये काहीही बिघडले नव्हते. प्रोसेसर आदल्या दिवशी जेवढा चालत होता तेवढाच चालत राहिला. तरीही घरोघरी, शाळांच्या संगणक कक्षांत आणि लहान कार्यालयांत एकच सल्ला दिला जाऊ लागला: हा पीसी आता जुना झाला, विंडोज ११ घेत नाही, नवीन घेऊन टाका. हा सल्ला मान्य करण्यापूर्वी ‘घेत नाही’ म्हणजे नेमके काय ते पाहायला हवे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि मोजके अपवाद सोडले तर इंटेलचा किमान आठव्या पिढीचा किंवा एएमडीचा साधारण रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर लागतो. डेस्कटॉपसाठी इंटेलची आठवी पिढी बाजारात आली ऑक्टोबर २०१७ मध्ये. म्हणजे त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कोणी पदरमोड करून कोअर आय७-७७०० हा चार कोअरचा, त्या काळचा वरच्या दर्जाचा प्रोसेसर घेतला असेल तर तो अपात्र. आणि २०१८ मध्ये आलेला सेलेरॉन जी४९०० हा दोन कोअरचा, सर्वांत स्वस्त गटातला प्रोसेसर मात्र पात्र. कामाच्या वेगात पहिला दुसऱ्याच्या कितीतरी पुढे आहे. यंत्राची ताकद आणि कंपनीने त्याला दिलेली मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे या एका जोडीवरून लक्षात यावे. संगणक ठेवायचा की काढायचा हे त्याच्याकडून कोणते काम करून घ्यायचे आहे त्यावरून ठरले पाहिजे, आणि तो भंगारात देण्यापूर्वी किंवा त्याच्या जागी नवा घेण्यापूर्वी त्यावर लिनक्स चालवून पाहिलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

मायक्रोसॉफ्टवर अन्याय होऊ नये म्हणून त्यांची बाजूही मांडायला हवी. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आले, म्हणजे दहा वर्षांहून थोडी जास्त साथ मिळाली. नव्या अटींमागे सुरक्षिततेचे कारण आहे आणि ते खोटे नाही. शिवाय घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने आणखी एका वर्षाची, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सुरक्षा अपडेट देऊ केली आहेत. त्यासाठी ३० डॉलर भरायचे, नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी संगणकाची सेटिंग जोडायची. ज्यांना विचार करायला वेळ हवा आहे त्यांनी ही सवलत जरूर घ्यावी. अटींना बगल देऊन विंडोज ११ टाकून देणारेही गावोगाव आहेत. पण अशा संगणकाला अपडेट मिळत राहतील याची हमी कंपनी देत नाही, आणि २०२४ च्या शेवटी आलेल्या २४एच२ या आवृत्तीपासून तर फार जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ सुरूच होत नाही. तिसरा मार्ग सर्वांत सोपा आणि सर्वांत धोक्याचा: काहीच करायचे नाही, विंडोज १० तसेच वापरत राहायचे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने जगभर धुमाकूळ घातला, ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांचे काम कोलमडले. ज्या त्रुटीतून तो शिरला ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी ते घेतले ते वाचले. बळी पडलेल्यांत बहुतेक विंडोज ७ चे संगणक होते, म्हणजे अपडेट उपलब्ध असूनही न घेतलेले. विंडोज एक्सपीची साथ तर एप्रिल २०१४ मध्येच संपली होती, त्यामुळे एक्सपीवाल्यांना ते अपडेट हल्ला होऊन गेल्यावर मिळाले. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, ज्यात आधारच्या प्रती आणि मुलांचे दाखले ठेवलेले असतात, तो अशा स्थितीत वर्षानुवर्षे इंटरनेटला जोडलेला ठेवू नये.

लिनक्स म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे काळ्या पडद्यावर आज्ञा टंकणारा तज्ज्ञ येतो. तो समज जुना आहे. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचे जाहीर केले, तेव्हापासून जगभरच्या हजारो प्रोग्रामरांनी ते काम वाढवले आहे. आज आपल्या खिशातल्या ॲण्ड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्सचाच गाभा असतो. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सखेरीज दुसरे काही नाही, आणि पुण्याच्या सी-डॅकचे परम मालिकेतले महासंगणकही त्यावरच चालतात. तेव्हा ‘फुकटचे आहे, म्हणजे काही दर्जा नसणार’ ही शंका सोडून द्यायला हरकत नाही. हे काम केवळ हौसेवर चाललेले नाही. इंटेल, गूगल, रेड हॅट अशा कंपन्यांचे पगारी अभियंते ते करतात, कारण त्यांचा स्वतःचा धंदा त्यावर उभा आहे. रेड हॅट ही लिनक्सवर उभी राहिलेली कंपनी आयबीएमने २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली. घरच्या डेस्कटॉपसाठी या गाभ्याभोवती पडदा, मेनू, ब्राउझर, ऑफिस असे सगळे बांधून तयार केलेले संच मिळतात. उबुंटू, डेबियन, फेडोरा ही त्यातली जुनी नावे. विंडोजवरून येणाऱ्यासाठी मी लिनक्स मिंट सुचवेन. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, तळाशी पट्टी, उजवीकडे घड्याळ अशी त्याची मांडणी सवयीची आहे. २०२४ च्या जुलैमध्ये आलेल्या त्याच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत, आणि ती चालायला कमीत कमी २ जीबी रॅम लागते. नीट चालायला ४ जीबी.

आता वेगाचे. ‘लिनक्स टाकले की जुना पीसी पळायला लागतो’ असे सरसकट सांगितले जाते, आणि त्यावर विश्वास ठेवणाऱ्याचा पुढे हिरमोड होतो. दहा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप हँग होतो त्याचे मुख्य कारण बहुतेक वेळा फिरती हार्ड डिस्क हेच असते. तिच्यात चकतीवरून सुई हलवून माहिती शोधावी लागते, आणि अशा विखुरलेल्या वाचनाच्या खेपा तिला सेकंदाला शंभराच्या आसपासच जमतात. साध्या साटा एसएसडीला त्याच कामाच्या हजारो खेपा जमतात. विंडोज १० पाठीमागे सतत काही ना काही वाचत-लिहीत असते, म्हणून त्या डिस्कचा जीव मेटाकुटीला येतो. मिंट ही कामे कमी करते, म्हणून फरक जाणवतो. पण खरा फरक हवा असेल तर जुनी डिस्क काढून एसएसडी बसवावी आणि रॅम ४ जीबी असेल तर ८ करावी. नव्या संगणकाच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात हे होते, आणि स्क्रूड्रायव्हर हातात धरता येणाऱ्या कोणालाही जमते. एक गोष्ट मात्र कोणतीही ऑपरेटिंग सिस्टिम बदलू शकत नाही: आजची संकेतस्थळे जड झाली आहेत. २ जीबी रॅमवर मिंट सुरू होईल, फाइली उघडतील, पत्र टाइप होईल. ब्राउझरमध्ये पाच-सहा टॅब उघडले की मात्र यंत्र धापा टाकू लागेल. हे आधी माहीत असलेले बरे.

लिनक्सच्या बाजूने सर्वांत मोठी गोष्ट अशी की ते काहीही न बसवता वापरून पाहता येते, आणि याचा उपयोग फार कमी लोक करतात. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून सुमारे ३ जीबीची आयएसओ फाइल उतरवायची. तिच्यासोबत दिलेला चेकसम, म्हणजे अंक-अक्षरांची लांब ओळ, आपल्या फाइलशी जुळते का ते पाहायचे. हा उपचार नव्हे: २० फेब्रुवारी २०१६ रोजी मिंटच्याच संकेतस्थळात घुसून कोणी तिथे बनावट फाइलचा दुवा टाकला होता. मग रुफस किंवा एचर या मोफत प्रोग्रामने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहायची; पेनड्राइव्हवरचे सगळे त्यात पुसले जाते. पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करताना बूट मेनूची कळ दाबत राहायची. डेल आणि लेनोव्होला ती बहुधा एफ१२ असते, एचपीला एफ९. असेंबल केलेल्या संगणकात मदरबोर्डाप्रमाणे एफ८, एफ११ किंवा एफ१२. थोड्या वेळाने पडद्यावर मिंटचा पूर्ण डेस्कटॉप येतो. आतल्या हार्ड डिस्कला आपण ‘इन्स्टॉल’ म्हणेपर्यंत तो हात लावत नाही. या अवस्थेत घाई न करता यादी करून तपासावे: आवाज येतो का, वायफाय पकडते का, यूट्यूबवरचा व्हिडिओ अडखळतो का, प्रिंटर दिसतो का, बँकेचे संकेतस्थळ उघडते का, शाळेसाठी असेल तर शालार्थ आणि यू-डायसचे पान उघडते का. पेनड्राइव्हवरून चालत असल्यामुळे सगळे थोडे हळू वाटेल, ते गृहीत धरावे. सगळी संकेतस्थळे सुरक्षिततेची चूक दाखवू लागली तर आधी घड्याळ पाहावे. मदरबोर्डावरची सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपली की तारीख मागे जाते, आणि चुकीच्या तारखेला संकेतस्थळांची प्रमाणपत्रे खोटी ठरतात. इंटरनेटचा बिघाड म्हणून कितीतरी संगणक या किरकोळ बॅटरीपायी दुरुस्तीला जातात.

तपासणी समाधानकारक झाली तर पुढचा टप्पा बसवण्याचा. तो साधा आहे, पण त्यात एक जागा अशी आहे की तिथे चूक झाली तर भरून निघत नाही. आपल्याकडे डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून घ्यायची पद्धत आहे, आणि फोटो, हिशेब, मुलांचे प्रकल्प ‘डी ड्राइव्ह’वर ठेवले जातात, कारण फॉरमॅट मारला तरी डी शाबूत राहतो असा आजवरचा अनुभव असतो. विंडोज पुन्हा टाकताना ते खरे असते. मिंट बसवताना मात्र ‘डिस्क पुसून मिंट बसवा’ या अर्थाचा पर्याय निवडला तर सी, डी, ई सगळेच एका फटक्यात जाते, कारण ते तिन्ही एकाच डिस्कचे तुकडे आहेत. म्हणून आधी बॅकअप, तोही वेगळ्या डिस्कवर, आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिलेला. विंडोजच्या शेजारी मिंट बसवण्याचा पर्यायही असतो. सुरू करताना कोणते हवे ते विचारले जाते. डिस्क कुलूपबंद करणारे विंडोजचे बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून घ्यावी आणि विंडोजमधले फास्ट स्टार्टअप बंद करावे. तरीही माझी पसंती तिसऱ्याच मार्गाला आहे. एसएसडी नवी घेणारच असाल तर जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा, एकट्या एसएसडीवर मिंट बसवा. विंडोज आणि सगळ्या फाइली जुन्या डिस्कवर जशाच्या तशा राहतात. मन बदलले तर केबल परत जोडायची की झाले. मिंट बसले की पहिल्याच दिवशी सगळी अपडेट घ्यावीत आणि टाइमशिफ्ट या प्रोग्रामने सिस्टिमची प्रत घेऊन ठेवावी. पुढे कधी एखादे अपडेट अंगाशी आले तर त्या प्रतीवर मागे जाता येते.

मराठी वाचकाच्या मनात पुढचा प्रश्न येतो तो टायपिंगचा, आणि इथे बातमी चांगली आहे. युनिकोड मराठी लिनक्सवर आधीपासून आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी निवडले की इनस्क्रिप्ट सुरू होते. उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांतून टाइप करायची सवय असेल तर आयबस या टायपिंगच्या प्रोग्राममध्ये फोनेटिकचे पर्याय मिळतात. विंडोजवर इनस्क्रिप्ट शिकलेल्याची बोटे इथे बिनबोभाट चालतात. ‘दुसऱ्या’ किंवा ‘वाऱ्यावर’ मधला आडवा रफार, ज्यावर कितीतरी जणांचे अडते, तोही तसाच येतो: शिफ्टसह जे दाबून ऱ, मग डी दाबून हलन्त, मग य. रेड हॅटने मुक्त परवान्याखाली दिलेला लोहित देवनागरी, गूगलचा नोटो, मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्ता असे सुबक फॉन्ट कोणालाही मोफत वापरता येतात. अडचण आहे ती युनिकोडपूर्व मराठीची. श्रीलिपी, आयएसएम, कृतीदेव यांच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली फॉन्ट चढवला तर दिसू शकतात, पण त्यांत त्याच पद्धतीने टाइप करणारे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर भरवशाने चालत नाहीत. ज्याचे रोजचे पोट डीटीपीवर आहे, पेजमेकर किंवा कोरलड्रॉमध्ये पाने लावण्यावर आहे, त्याने आपला कामाचा संगणक विंडोजवरच ठेवावा. तीच गोष्ट टॅलीची. टॅली विंडोजसाठी बनवलेले आहे, आणि व्यापाऱ्याचा हिशेब हा प्रयोग करण्याचा विषय नव्हे. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनांपैकी काहींचे लिनक्स ड्रायव्हर मिळतात, पण ई-निविदा भरणाऱ्याने प्रत्यक्ष सही उमटल्याचे पाहिल्याशिवाय विंडोज सोडू नये.

प्रिंटरबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण लिनक्सवर गेलेले लोक परत फिरतात ते बहुतेक वेळा याच दारातून. नव्या, नेटवर्कवर चालणाऱ्या प्रिंटरना हल्ली वेगळा ड्रायव्हरही लागत नाही. पण आपल्याकडच्या कार्यालयांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत वर्षानुवर्षे पाय रोवून बसलेले दोन लेझर प्रिंटर मात्र हट्टी आहेत. एचपी लेझरजेट १०२० ला दर वेळी चालू केल्यावर संगणकाकडून त्याचा फर्मवेअर मिळावा लागतो. एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरसोबतचा प्लगइन उतरवला की तो कामाला लागतो, न उतरवता नुसता मठ्ठ बसून राहतो. कॅननच्या एलबीपी २९०० ची भाषा कंपनीची स्वतःची, खासगी आहे. त्याला लिनक्सवर चालवणे शक्य आहे पण नवशिक्याचे काम नाही. असा प्रिंटर असेल तर जाणकाराला आधी विचारावे, किंवा छपाईपुरता एक विंडोज संगणक बाजूला ठेवावा. जुन्या एनव्हिडिया ग्राफिक कार्डांचे आणि काही ब्रॉडकॉम वायफाय चिपांचेही असेच असते. डेस्कटॉपला वायफायऐवजी लॅनची केबल जोडली की निदान दुसरा प्रश्न निकालात निघतो.

सर्वांत गंभीर आक्षेप अनुभवाचा आहे: मोठ्या संस्थांनी हे करून पाहिले आणि त्या परत विंडोजवर आल्या. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेचे उदाहरण नेहमी दिले जाते, आणि ते टाळून चालणार नाही. तिने २००४ च्या सुमारास लिनक्सचा निर्णय घेतला, २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक त्यावर आणले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचे ठरवले. बाहेरच्या कार्यालयांशी कागदपत्रांची देवाणघेवाण अडत होती, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी होत्या, संगणक विभागाची रचना विस्कळीत होती आणि सत्तेवरची माणसेही बदलली होती. त्याच काळात फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाने तेच केले आणि ते टिकले. आज तिथले हजारो संगणक त्यांनी घडवलेल्या उबुंटूवर चालतात. त्यांनी क्रम वेगळा धरला होता. २००५ पासून आधी विंडोजवरच ओपनऑफिस, फायरफॉक्स हे मुक्त प्रोग्राम आणले, माणसांची सवय होऊ दिली, आणि २००८ पासून खालची सिस्टिम बदलायला घेतली. तोवर कर्मचाऱ्याच्या दृष्टीने रोजच्या कामात बदलण्यासारखे फारसे उरलेच नव्हते. केरळने शाळांमध्ये असाच धीर धरला. २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पाने, आणि २०१७ मध्ये त्याच्या जागी आलेल्या काइट या सरकारी कंपनीने, शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती घडवली, शिक्षकांचे प्रशिक्षण केले आणि पाठ्यपुस्तकेच त्यावर बेतली. या तिन्ही कहाण्यांतून मला एकच निष्कर्ष निघताना दिसतो: यश-अपयश तंत्रावर कमी आणि शिकवण्यावर, मदतीच्या माणसावर, बदलाच्या क्रमावर जास्त ठरते. म्हणून घरीसुद्धा सुरुवात ऑपरेटिंग सिस्टिमपासून करू नये. आधी विंडोजवरच लिब्रेऑफिस, फायरफॉक्स आणि व्हीएलसी वापरायला घ्यावे. महिना-दोन महिन्यांत त्यांचा सराव झाला की मग खालची सिस्टिम बदलावी. नाहीतर चुकते कुठे ते कळत नाही. नवे ऑफिस आवडले नाही, त्याचा राग लिनक्सवर निघतो.

‘पण पोरांना नोकरीत विंडोजच लागणार’ हे पालकांचे म्हणणे मला अर्धे पटते. एमएस-सीआयटीपासून आपल्याकडचे बहुतेक संगणक शिक्षण विंडोज आणि एमएस ऑफिस धरून झालेले आहे, आणि कारकुनी कामात ते उपयोगी पडते. पण इंटरनेटच्या पाठीमागचे बहुसंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात; हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांत सर्व्हर सांभाळणाऱ्याची त्याच्याशी रोज गाठ पडते, आणि रेड हॅटचे मोठे केंद्र तर पुण्यातच आहे. शाळकरी मुलाने दोन्ही पाहिलेले असावे, त्यात तोटा काही नाही. आणखी एक गोष्ट आपण सहसा मोठ्याने बोलत नाही. आपल्याकडच्या कितीतरी घरगुती संगणकांवरचे विंडोज विकत घेतलेले नसते; दुकानदाराने ‘टाकून दिलेले’ असते, आणि ते चालू करण्यासाठी वापरलेल्या क्रॅकमधून आणखी काय आत आले ते कोणालाच ठाऊक नसते. लिनक्सवर ही चोरी करावीच लागत नाही, आणि प्रोग्राम एका तपासलेल्या भांडारातून येत असल्यामुळे भलत्या संकेतस्थळांवर हिंडावे लागत नाही. याचा अर्थ लिनक्स अभेद्य आहे असा नाही. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या एका लहान पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या घटकात कोणी मुद्दाम चोरवाट ठेवल्याचे उघड झाले. ती पकडली आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने, आणि तो मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला होता. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे एवढेच त्याला खटकले होते. कोड सर्वांसमोर खुला होता म्हणून त्याला तो मुळापर्यंत तपासता आला.

सगळेच जुने संगणक वाचवावेत असे मी म्हणणार नाही. पेंटियम ४ आणि पेंटियम डी यांच्या काळातली यंत्रे आता जाऊ द्यावीत. त्या काळच्या काही प्रोसेसरांची उष्णता-मर्यादा १०० वॉटच्या वर आहे. आज ६ वॉटचा इंटेल एन१०० त्यांच्याहून कितीतरी जास्त काम करतो, आणि रोज वापरात असेल तर विजेच्या बिलात तो फरक दिसतो. शिवाय ३२ बिटच्या यंत्रांसाठी दारे मिटत चालली आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये त्यांच्यासाठी इन्स्टॉलरच नाही. माझ्या मते सीमारेषा अशी: ६४ बिटचा प्रोसेसर, ४ जीबी किंवा जास्त रॅम आणि एसएसडी बसवण्याची सोय असेल तर संगणक ठेवण्याजोगा. २०१० नंतर घेतलेले बहुतेक डेस्कटॉप यात बसतात. आणि हा प्रश्न एकेका घराच्या खर्चापुरता नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ई-कचऱ्यावरील अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुन्हा वापरात आल्याची नोंद आहे. विंडोज १० बंद झाल्यामुळे सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्यात जातील असा अंदाज कॅनालिस या संशोधन संस्थेने २०२३ मध्ये वर्तवला होता. भंगारवाल्याकडे गेलेल्या मदरबोर्डाचे शेवटी काय होते, हे उघड्यावर तारा जाळून तांबे काढणाऱ्यांच्या वस्तीत दिसते. तो धूर श्वासातून घेणाऱ्यांचा या सगळ्या अपडेटांशी काही संबंध नसतो.

महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळांचे मुख्याध्यापक, गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांचे पदाधिकारी आणि पतसंस्थांचे व्यवस्थापक यांच्याकडे असे संगणक आज कपाटाशेजारी झाकून ठेवलेले आहेत, आणि त्यांच्यावरचे काम बहुतांशी ब्राउझर, पत्रे आणि तक्ते एवढेच आहे. त्यांना माझी विनंती आहे की निर्लेखनाचा ठराव मांडण्यापूर्वी त्यातला एक संगणक निवडा, जवळच्या महाविद्यालयातल्या संगणकशास्त्राच्या दोन विद्यार्थ्यांना बोलवा, आणि पेनड्राइव्हवरून मिंट सुरू करून आठवडाभर त्यावर रोजचे काम करून पाहा. काय चालले आणि काय अडले ते वहीत लिहून ठेवा. अडलेल्या गोष्टींची यादी मोठी झाली तर नवीन संगणक खुशाल मागवा. लहान झाली तर तेच पैसे एसएसडी, रॅम आणि एका शिक्षकाच्या प्रशिक्षणावर खर्च करा.